जंतूंचा नायनाट, वॉर्ड नंबर तीन

१ जून, सोमवार
नोकरीचा पहिला दिवस. हुद्दा: संसर्ग नियंत्रण सहायक. घरातली पहिली पदवीधर मीच, म्हणून बाबांनी शेजारी सांगितलं, की मुलगी हॉस्पिटल चालवते. मी दुरुस्ती केली नाही. आज ना उद्या खरं होईलच.
संकल्प: या वॉर्डातून कोणीही नवा आजार घरी नेणार नाही. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन इथेच आहे, बावीस तारखेला. हॉस्पिटलच्या भीतीने किती वर्षं टाळत आली. आता म्हणते, तू आहेस ना तिथे, मग होऊन जाऊ दे.

३ जून
सफाईच्या मावशी खाटांचे कठडे जंतुनाशकाने पुसतात. मी मागोमाग जाऊन प्रत्येक कठड्यावरून बोट फिरवते. धुळीचा कण नाही. शाबासकी दिली. मावशी म्हणाल्या, शाबासकी नको बाई, आधी कठडे वाळू तरी द्या.

५ जून
तपासणी आता दिवसातून दोनदा. पहिल्या खाटेपासून शेवटच्या खाटेपर्यंत, एका दमात. मोजे घातले तर धूळ कळत नाही. मध्ये हात धुवायला थांबलं, तर लय तुटते. शेवटी धुतेच. आज फोन आला म्हणून राहिलं.
दादा म्हणाला, वॉर्डाला सासू मिळाली. त्याला यातलं काय कळतंय!

९ जून
चार पेशंटना जुलाब. चौघांचा जंतू एकच. हेड सिस्टर म्हणाल्या, हे थांबेपर्यंत ऑपरेशनं बंद. म्हणजे आईचंही. फोनवर सांगितलं, तर म्हणाली, देवच पावला, आता नकोच ते. आणि भिंतीला धरून दारापर्यंत गेली, असं बाबांकडून कळलं. खूप वाईट वाटलं.
उपाय: तपासणी दिवसातून चारदा.

१२ जून
आता सात जण. मावशींचा हलगर्जीपणा म्हणावा, तर बोटाला काहीच लागत नाही. कोडंच आहे.

१५ जून, दुपार
हेड सिस्टरनी युक्ती केली. सकाळी मावशींची पुसापुशी झाल्यावर, कोणालाही न सांगता, फक्त पहिल्या खाटेच्या कठड्याला एक जेल लावलं. एरवी दिसत नाही, खास दिव्याखाली चमकतं. आत्ता पडदे ओढून दिवा लावला. सगळ्या खाटांवर निळी रेघ! बोटभर रुंद, सरळ, एका दमात ओढलेली.
म्हणजे कोणीतरी इथलं तिथे पसरवतंय. मी लगेच सुचवलं, की सगळ्यांचे हात दिव्याखाली घ्या. सिस्टर माझ्याकडे टक लावून बघत होत्या. बहुधा कौतुकाने.

१५ जून, संध्याकाळ
मीच.

१६ जून
बोटाने तपासणी बंद. सिस्टर ओरडल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, सगळ्यात आधी हात दाखवलेस, तेवढं चांगलं केलंस. मावशी तोंडाला पदर लावून हसल्या.
आईला सगळं खरं सांगावं लागलं. वाटलं, आता ती कधीच यायची नाही. ती पोट धरून हसली. मग म्हणाली, म्हणजे कशाने होत होतं ते सापडलं ना? मग येते.

२ जुलै
ऑपरेशनं पुन्हा सुरू. आईचं ऑपरेशन काल झालं, नीट झालं. आज ती शेजारच्या खाटेवरच्या बाईंना अभिमानाने सांगत होती, की इथली साथ माझ्या मुलीमुळे थांबली. बाईंनी विचारलं, अगंबाई, काय केलं हिने?
आई म्हणाली, हात लावायचं बंद केलं.