जोडणारे शब्द, उमरखेडहून

॥ श्री ॥
उमरखेड, ४ जानेवारी २००६

चि. शाल्मलीस, काकाचे अनेक आशीर्वाद.

तुझा निबंध मिळाला. वाक्यं शुद्ध आहेत, पण एकेक अशी उभी, की शेजारणीशी बोलणं बंद असावं! अगं, त्यांना जोड. कारण सांगायचं तर 'बिकॉज', परिणाम सांगायचा तर 'देअरफोर'. आणि 'ऑल्दो' घेतलंस की पुढे 'बट' घालू नकोस. आपल्याला 'जरी' म्हटलं की 'तरी' म्हणायची सवय, म्हणून सारं वऱ्हाड तिथेच पडतं. मास्तरकी संपली तरी माझं हे खोडणं संपत नाही.

तुझ्या बाबाचं, सलीलचं पत्र आलं. कापूसच येईना म्हणून वणीचं जिनिंग बंद, त्याची दिवाणजीची नोकरी गेली. नागपूरच्या कॉलेजात फीमाफीची जागा मिळाली नाही तर तुझं लग्न उरकायचं म्हणतो. मी कळवलंय, फेब्रुवारीतल्या मुलाखतीपर्यंत स्थळाचं नाव काढायचं नाही. तू दर आठवड्याला निबंध पाठव, तपासायला मी बसलोय. काकू तिळाचे लाडू वळतेय, मला मात्र स्वयंपाकघरात मज्जाव आहे.

घरी सर्वांना आमची आठवण सांग.
तुझा वामनकाका

॥ श्री ॥
वणी, १२ फेब्रुवारी २००६

ती. काकांना, शाल्मलीचा सा. न.

रागावणार नसाल तर एक विचारू? 'ऑल्दो'चा तोच धडा तुम्ही पुन्हा पाठवलात. सोबत दोन ओळीही नाहीत आणि माझे निबंध तर परत आलेच नाहीत. फोन केला की काकू म्हणतात, बाहेर गेलेत. बाबा कामाच्या शोधात पुसदपर्यंत जाऊन आले, पण म्हणे उमरखेडला डोकावायला जमलं नाही. मी तक्रार केली तर म्हणाले की दादाले आता आठवत नसन. मी काही ते मानत नाही. बोलायचंच सोडलंत की काय माझ्याशी?

मुलाखत पुढच्या सोमवारी आहे. काकूंना नमस्कार, आणि माझ्यावर लोभ आहे ना, तेवढं तरी कळवा.
तुमची लाडकी (अजून आहे ना?) शाल्मली

॥ श्री ॥
उमरखेड, ३ मार्च २००६

चि. शाल्मलीस, काकूचे आशीर्वाद.

तुला जागा मिळाली, आनंद झाला. आता लपवण्यात अर्थ नाही. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी हे अंघोळ करून आले आणि पडले. अर्धांगवायू. उजवा हात गेला, वाचा गेली. सलील पुसदला नाही, इथेच आला होता. मुलाखत होईपर्यंत तुला सांगायचं नाही, असं आम्ही दोघांनी ठरवलं. यांच्या पेटीत शाळेचे जुने कागद होते, त्यातले मी पाठवत गेले. मले कुठलं इंग्रजी येते, बाई? एकच धडा दोनदा गेला.

डॉक्टर म्हणतात, यांना समजतं सगळं. वस्तूंची, माणसांची नावं एकेक करून येतील, पण मधले बारीक शब्द येणं कठीण. तुझं चेष्टेचं पत्र मी वाचून दाखवलं. वाटलं, हसतील. ते भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

काल तुझी बातमी सांगितली. 'शाल्मली' म्हणाले. बऱ्याच वेळाने 'जागा'. पुढे नुसते ओठ हलत राहिले. शब्द सापडेना तशी डाव्या हाताने चादर चुरगाळली आणि रडले. इतक्या वर्षांच्या संसारात मी यांना रडताना पाहिलं नव्हतं. तू अभ्यास सोडून धावत येऊ नकोस.
तुझी प्रभावतीकाकू

॥ श्री ॥
वणी, ७ मार्च २००६

ती. काकांना, सा. न.

काकू हे वाचून दाखवतील. बोलायचं सोडलंत का, असं मी तुम्हाला विचारलं! मुलाखतीत मॅडमनी विचारलं, इंग्रजी कुणाकडून शिकलीस. मी ऐटीत सांगितलं, माझे काका अजून दर आठवड्याला माझा निबंध तपासतात. त्या वेळी तुम्हाला पाणीसुद्धा मागता येत नव्हतं, काका.

तुमचा राग मी सोसेन, पण माया कमी करू नका. काकूंनी नको म्हटलंय, तरी शनिवारच्या एसटीने येतेय. बोलायची घाई नको. एक शब्द आज बोला, एक उद्या. मधलं मी लावून बघेन. चुकलं तर मान हलवा, मी पुन्हा लावेन.
तुमची शाल्मली