खेचर घेऊन निघालेला पोरगा

दादा,

तू ऑफिसातून येशील तेव्हा माझं विमान सुटलेलं असेल. रागावू नकोस, तू सोडायला आला असतास तर माझा पाय निघाला नसता. इथे राहून नोकरी शोधायला व्हिसावर मिळालेलं वर्ष आज संपतंय, आणि कालचं पत्रही नकाराचंच होतं.

मला धीर यावा म्हणून तू आणलेली कादंबरी गुरुवारी लायब्ररीत परत कर. सोळा वर्षांचा पोरगा खेचर घेऊन अमेरिकेच्या पश्चिमेला जातो, त्याला कुणी परवाना विचारत नाही. लेखकाने चार दिवसांत अमावास्येची पौर्णिमा केलीय. मी समासात पेन्सिलने दुरुस्त केलंय, तेवढं खोड. शेवट वाचला नाही.

आईला सुट्टीवर येतेय असं सांगितलंय, तूही तेच सांग. माझा हिवाळ्याचा कोट मात्र कुणाला तरी देऊन टाक.

भार्गवी