तनूच्या गाडीखालची लिंबं

छत्रपती संभाजीनगर
५ जानेवारी २०२५

ती. नानांच्या चरणी नात तनुजाचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला अर्धंच ऐकू येतं, म्हणून पत्र. एकोणीस तारखेला आमच्या कॉलनीत घरी बनवलेल्या गाड्यांची शर्यत आहे. बॅटरी चालत नाही. उतरत्या फळीवरून दोन गाड्या एकदम सोडायच्या. माझी गाडी टूथपेस्टच्या खोक्याची, चाकं बाटलीच्या झाकणांची. वरच्या मजल्यावरची रूपा दोन वर्षं पहिली येतेय आणि कप खिडकीत मांडून ठेवते. यंदा तो आमच्या खिडकीत पाहिजे म्हणजे पाहिजे! तुम्ही तीस वर्षं एसटी चालवली, काहीतरी युक्ती सांगा.

आजीला नमस्कार. लोभ असावा, युक्ती लवकर यावी.

तुमची तनू

कन्नड
१० जानेवारी

चि. तनूस अ. उ. आ.

टूथपेस्टची गाडी वाचून तुझी आजी लई हसली. मी नाय हसलो. गाडी ती गाडीच. युक्ती एकच, अन् ती मी तीस वर्षं पाळली: नवी गाडी पूजेबिगर रस्त्यावर काढायची नाय. हळदकुंकू लाव, चार चाकांखाली चार लिंबं ठेव, ती चिरडली की मगच सोड. माझी गाडी घाटात एकदाच बंद पडली, ती बिगरलिंबाची होती. रूपाची फिकीर नको. जेवत जा.

लोभ हायच.

तुझा नाना

छत्रपती संभाजीनगर
२२ जानेवारी

ती. नानांना तनुजाचा शि. सा. न.

मी पहिली आल्याचं पप्पांनी तुम्हाला फोनवर सांगितलं. ते तेव्हा खरं होतं, आता नाही. रागावू नका.

फळीच्या वरच्या टोकाला पूजा केली. पण नाना, तुमची एसटी लिंबू चिरडते, माझी गाडी लिंबांवर नुसती बसून राहिली! शेवटी मीच टाचेनं चिरडली. शिट्टी झाली, रूपाची गाडी निम्म्यात पलटी, माझी सरळ खाली. कॉलनीचे अध्यक्ष काकासाहेब यांनी मला कप दिला. मग फळी उचलताना दिसलं, रूपाच्या बाजूला लिंबाच्या बिया! एक तर तिच्या चाकात अडकलेली. कुणालाच कळलं नव्हतं. मी बिया मुठीत घेऊन घरी आले. कप खिडकीत ठेवला, पण तिकडं बघवेना. रूपा माझ्या गाडीचं कौतुक करून गेली, त्याचंच जास्त वाईट वाटलं.

काल काकासाहेबांना सगळं सांगितलं. फळी पुसून पुन्हा शर्यत लावली. वीतभर मागं पडले, नाना. खूप रडले. तुम्ही कन्नडभर सांगितलं असेल, आता माझ्यामुळं तुमची फजिती.

हरलेल्या नातीवरही तेवढाच लोभ राहू द्या.

तनू

कन्नड
२७ जानेवारी

चि. तनूस अ. उ. आ.

पत्र दोनदा वाचलं. आधी लई राग आला, तुझा नाय, माझा. बिया काढून लिंबं ठेव, एवढं सांगायला मला काय झालं होतं?

फजिती म्हणशील तर झालीच. तुझ्या पप्पाचा फोन आला तसे मी स्टँडवर पेढे वाटले होते, चहावाल्यापासून कंट्रोलरपर्यंत. आज तुझं पत्र खिशात घालून गेलो अन् त्याच सगळ्यांना परत पेढे वाटले. साहेबराव कंडक्टरनं विचारलं, पोरगी हरली तर पेढे कशाचे. त्याला सांगितलं, मागचे गाडीचे होते, हे पोरीचे हायेत, गुमान खा.

लोभ होता त्याच्या दुप्पट झालाय.

तुझा नाना