पहिलं नाव शैलाचं

१६ सप्टेंबर २००३
आज दलालाच्या ऑफिसात गेले. औषध कंपनीचे शेअर विकायचे म्हणून पिशवीतून सर्टिफिकेटं काढली तर तिथल्या माणसाने हातही लावला नाही. काकू, कागदावरचे शेअर आता बाजारात चालत नाहीत, आधी डीमॅट करून आणा, म्हणाला आणि कॉम्प्युटरकडे वळला. भाव विचारला तेवढा मात्र हौसेने सांगितला. भाव चांगला, शेअर माझ्या हातात, आणि विकता येत नाहीत. ताट वाढलेलं, हात बांधलेले.
रविवार कारंज्यावर रिक्षा मिळेना. सिंहस्थाची गर्दी गेली तरी रिक्षावाल्यांचा तोरा गेला नाही. चालत आले.

१७ सप्टेंबर
अरविंदला सांगितलं. जन्माचा नवरा, पण शेअरचं नाव काढलं की शेजाऱ्यासारखा बोलतो. तुम्ही घेतलेत, तुम्हीच निस्तरा. कानाच्या मशीनसाठी विकतेय हे त्याला ठाऊक आहे. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये आयुष्यभर हेडफोन लावून ट्रंक कॉल जोडले, त्यात उजवा कान गेला, डावा जायच्या बेतात. डॉक्टर म्हणतात साधं मशीन चालणार नाही. अ. म्हणतो, घरात ऐकण्यासारखं आहे काय? त्याला हा विनोद वाटतो. ऐकलं नाही असं दाखवलं.

२२ सप्टेंबर
बँकेत गेले. डीमॅटच्या टेबलावर तांबे नावाची मुलगी आहे, गोड आहे. हळू आणि स्पष्ट बोलते. पासबुकात पैसे असतात ना, तसे या खात्यात शेअर असतात. सर्टिफिकेट फाटायची, चोरीला जायची भीती नाही. विकले की इथून वजा, घेतले की जमा. पटलं. इतकं साधं कुणी आधी का नाही सांगितलं?
मग तिने सर्टिफिकेट उलटसुलट करून पाहिलं. पहिलं नाव शैला वसंत पिंगळे. दुसरं माझं. खातं याच दोन नावांनी, याच क्रमाने उघडायचं आणि दोघींच्या सह्या हव्यात. या तुमच्या कोण, विचारलं.
मैत्रीण म्हणाले. कितीतरी वर्षांनी तो शब्द तोंडातून निघाला. राग आला. तांबेचा नाही.

२३ सप्टेंबर
लिहून टाकते म्हणजे डोक्यातून जाईल.
मी आणि शैला एक्स्चेंजमध्ये एका स्विचबोर्डावर शेजारी बसायचो. नाइट ड्यूटीचा भत्ता साठवून दोघींनी मिळून हे शेअर घेतले. कॅन्टीनमध्ये एक एजंट यायचा, त्याने रेशनकार्डावरची नावं बघून फॉर्म भरला. पत्ता माझा, कारण शै.च्या घरी टपाल तिच्या आधी तिचा नवरा उघडायचा. नंतर भाव चढला, चांगला चढला. मी म्हटलं विकू. ती नाही म्हणाली. कारण विचारलं, सांगितलं नाही. मी सहीचा फॉर्म घेऊन तिच्या मागे मागे फिरले. दोघींनी सही केल्याशिवाय विकता येत नाही, आणि ती करेना. भाव जो कोसळला तो कोसळलाच. त्यावरून बोलणं झालं, बोलण्याचं भांडण झालं. मग तिने स्वतः मागून येवल्याला बदली घेतली. मला ती नोटीस बोर्डावर वाचून कळली.
डिव्हिडंडचे चेक तिच्या नावाने यायचे. मी प्रत्येक वेळी रजिस्टर पोस्टाने येवल्याला पाठवले. पोचपावती यायची. चिठ्ठी कधीच नाही.

६ ऑक्टोबर
येवला एक्स्चेंजला फोन केला. डावा कान. तिनेच उचलला. आवाज ओळखला आणि नेमकं काय बोलायचं ते विसरले. मी उषा, म्हटलं. मला वाटलं ऐकू आलं नाही, म्हणून परत म्हटलं. ती म्हणाली, कळलं. मग शेअरचं सांगितलं. म्हणाली, फोनवर नको, ये.
इतक्या वर्षांनी बोलावते आणि तेही हुकूम सोडल्यासारखं. जाणार नाही.

१४ ऑक्टोबर
गेले. एस.टी.त निफाडपासून कांद्याच्या गोण्या पायांखाली.
पैठणी विणणाऱ्यांच्या आळीत वरच्या मजल्यावर भाड्याने राहते. खाली मागांचा खटखटाट. घरमालकीण दारात: "ताई कामावर हायेत. बसा, येतीलच. तुम्ही नाशिकच्या का? ताईंकडं कोणी येत नाय म्हणून इचारते."
दारावर पाटी, शैला खैरनार. हे तिचं माहेरचं नाव. नोकरीला लागली तेव्हाचं, सर्व्हिस बुकात तेच राहिलं होतं. आता सगळीकडे तेच. निवडणूक कार्डही त्याच नावाचं.
म्हणजे वसंत पिंगळेला सोडून आली. मला कोणी सांगितलं नाही. आणि मी तरी कुणाला विचारलं?
चहा केला तिने. माझ्या डाव्या बाजूला येऊन बसली. मी काहीच सांगितलं नव्हतं. बोर्डावर बसलेल्या माणसाला कळतं.
शेअरबद्दल म्हणाली, बघू.

२० ऑक्टोबर
परत तांबे. खातं उघडता येत नाही. सर्टिफिकेटवर पिंगळे, ओळखपत्रावर खैरनार. बँकेच्या लेखी या दोन वेगळ्या बायका. मी म्हटलं, एकच आहे, मी ओळखते तिला. तांबे हसली. तिचंही चूक नाही.
एक वाट तिने सांगितली. दोघींनी ट्रान्सफर फॉर्मवर सह्या करून सगळे शेअर माझ्या एकटीच्या नावावर करायचे. मग माझ्या खात्यात डीमॅट. विकून अर्धा वाटा शै.ला द्यायचा. फक्त तिने एकदा जुन्या नावाची, जुन्यासारखी सही करायची.
एक सही. बास.

९ नोव्हेंबर
दिवाळी उरकून येवल्याला. फॉर्म पुढे ठेवला. तिने वाचला, घडी घालून माझ्याकडे सरकवला.
"त्या नावाने मी सही करणार नाही, उषा."
समजावलं. नुसता कागद आहे, म्हटलं. एका मिनिटाचं काम. ती भांडी घासायला उठली. मीही उठले, चपला घातल्या. परतीच्या बसमध्ये स्वतःशीच भांडत आले. तेव्हाही सही नाही, आताही सही नाही. या बाईने मला जन्मभर फॉर्म घेऊन उभं करायचं ठरवलंय का?

१२ नोव्हेंबर
अ.ला सगळं सांगितलं. म्हणाला, कानाचं मशीन हप्त्याने घेऊ, त्या बाईचा नाद सोड. चांगल्या मनाने म्हणाला. तरी मला ते नको आहे. माझे शेअर आहेत. माझ्या जागरणाचे.

४ जानेवारी २००४
शै. स्वतः आली. न कळवता. अ. घरी होता, त्याने चहा टाकला आणि पेपर घेऊन गॅलरीत बसला. बरं वाटलं.
तिने आपणहून सांगितलं. पगाराचं पाकीट दारातच वसंतच्या हातात द्यावं लागायचं. मोजून घ्यायचा. नाइटचा भत्ता तेवढा त्याला माहीत नव्हता. मी विकू म्हटलं तेव्हा ती घर सोडायचा विचार करत होती. पैसे हातात आले असते तर त्याने वास काढला असता.
"ते शेअर तुझ्या कपाटात आहेत एवढ्यावर मी तिथून निघाले. विकले असते तर निघाले नसते."
मला सांगितलं का नाहीस, मी विचारलं. तू ऐकत कुठे होतीस, म्हणाली. कानाचं नाही बोलत.
मग फॉर्म मागितला आणि सही केली. पिंगळे. पेन टेकवून बराच वेळ थांबली, मग भराभर. मी दुसरीकडे पाहिलं.

७ जानेवारी
फॉर्म, स्टॅम्प, सर्टिफिकेटं सगळं रजिस्टरने मुंबईच्या कचेरीत. कंपनीच्या शेअरचं दप्तर तीच सांभाळते. बाजार रोज चढतोय. दूधवाल्यापासून सगळे टिपा देतात. मी शहाण्यासारखी मान हलवते.

२० फेब्रुवारी
सगळं परत. सोबत छापील कागद: पहिल्या धारकाची सही नमुन्याशी जुळत नाही.
बसून राहिले. कशी जुळेल? ती सही करणारी बाई राहिलीय कुठे? हे त्या कागदाला कोण सांगणार?
मुंबईला फोन लावला. पलीकडचा माणूस भरभर बोलत होता, मी सारखं काय म्हणाले काय म्हणाले करत होते. शेवटी अ.ने रिसीव्हर घेतला. त्यांचं म्हणणं, ज्या बँकेत त्या नावाचं खातं आहे तिथल्या मॅनेजरने सही खरी असल्याचं लिहून द्यावं. त्या नावाचं शै.चं एकच खातं होतं, वसंतबरोबरचं. नाशिकरोडला. अजून चालू आहे आणि तो तिथे दर आठवड्याला जातो, हे शै.नेच मागे सांगितलं होतं.
शै.ला कसं कळवू.

२३ फेब्रुवारी
कळवलं. हसली. फोनवर तिचं हसणं मला नीट ऐकू आलं, बाकी काही आलं नाही तरी. म्हणाली, मी काही तिकडे पाय ठेवत नाही.
झालं. संपला विषय.

१५ मार्च
संपला नाही. शै.ने येवल्याच्या वकिलाला गाठलं. रीतसर नाव बदलायचं. प्रतिज्ञापत्र, पेपरात जाहिरात, मग सरकारी राजपत्र. ते झालं की मुंबईची कचेरी नाव बदलते आणि नव्या सहीचा नमुना घेते. मी म्हटलं, एवढं सगळं शेअरसाठी? म्हणाली, शेअरसाठी नाही. पण शेअर आहेत म्हणून.
आणि म्हणाली, एकटीच्या नावावर करू नकोस आता. दोघींचं खातं उघडू. पहिलं नाव माझंच राहू दे.
पुन्हा तिचंच! हातातला डबा आपटला. तरी हो म्हटलं.

२ एप्रिल
नवीन अडचण. जाहिरातीत पत्ता छापावा लागतो. येवल्याचा छापला तर वसंतला कळेल ती कुठे राहते. कंपनीच्या दप्तरात तिचा पत्ता माझ्या घरचाच आहे, वकील म्हणाला तोच देऊ. शै.ने विचारलं, चालेल का? लगेच म्हणाली, विचार करून सांग.
अ.चं स्पष्ट म्हणणं, नको. तो माणूस दारात आला तर? तू दिवसा एकटी असतेस. त्याचं खरं आहे. मलाही भीती वाटते. दोन दिवस एकमेकांशी मोजकं बोलतोय.

५ एप्रिल
द्या म्हणून कळवलं. अ.ने दारासाठी साखळी आणली. ड्रिल मशीन मागून आणलं आणि स्वतःच बसवली.

१७ मे
जाहिरात अजून नाही. बाजार मात्र आज असा आपटला की टी.व्ही.वरचे लोक ओरडत होते, मला आवाज न वाढवता ऐकू आलं. आमची औषध कंपनीही गेली खाली. महिन्यापूर्वी विकले असते तर. तेव्हाही हेच म्हटलं होतं. आता कुणावर चिडू? शै.वर चिडायला बघितलं, जमेना. बाजारावर चिडता येत नाही, कागदांवर चिडून झालंय.
अ.ने विचारलं, मशीनचे हप्ते बघू का. बघ म्हटलं.

१९ मे
आली. आतल्या पानावर, हरवलेल्या माणसाच्या आणि प्लॉट विकणे आहेच्या मध्ये. मी शैला वसंत पिंगळे, यापुढे शैला दगडू खैरनार या नावाने ओळखली जाईन. खाली आमचा पत्ता. कापून ठेवली. शै.ला फोनवर वाचून दाखवली. परत वाच, म्हणाली.

२१ मे
सकाळी अकराच्या सुमारास बेल. साखळी लावूनच दार उघडलं. वसंत पिंगळे. ओळखला नाही आधी. केस सगळे पांढरे, हातात पेपरची घडी. मला वाटलं ओरडेल. ओरडला नाही. ही कुठे राहते, एवढंच विचारलं. छापलंय तेवढंच मला माहीत, म्हटलं.
त्याने पेपर उघडला आणि तिथेच, जिन्यात उभ्या उभ्या, जाहिरात मोठ्याने वाचली. नव्या नावापाशी अडखळला. मग घडी घालून खिशात ठेवली. परत येईन म्हणाला की येणार नाही म्हणाला, ते मला कळलं नाही. तोंड वळवलं होतं त्याने. दार लावून पाणी प्यायले आणि शै.ला फोन केला. सगळं सांगितलं.
"पूर्ण वाचलं त्याने? खैरनारपर्यंत?"
हो म्हटलं. मोठ्याने.
"मग बँकेचे फॉर्म घेऊन ये, राजपत्र येईपर्यंत भरून ठेवू. मी रजा टाकते."
उद्या अ. बरोबर येतो म्हणतो. येवल्याला त्याने यायचं की इथे दारापाशी थांबायचं, यावर अजून आमचं एकमत नाही.