आतोबांच्या मित्राला उत्तर

१२ जून
आत्याने आज पत्र दिलं. पाच पानं, हाताने लिहिलेली, उभ्या ओळींत. आतोबांचा जपानी मित्र. तरुणपणी दोघं तिकडच्या एका जहाजांच्या कारखान्यात शेजारी शेजारी काम करायचे. तेव्हापासून वर्षाला दोन पत्रं, न चुकता. आतोबा मार्चमध्ये गेले, हे मित्राला माहीत नाही. आत्या म्हणाली, मला वाचून दाखव, आणि त्यांना कळव रे बाबा, वाट बघत बसतील बिचारे. घरात एवढं जपानी शिकलेला तूच.
पूर्व आशिया अभ्यास केंद्रात पीएच.डी.चं माझं हे चौथं वर्ष. रविवारपर्यंत होईल म्हणालो.

१५ जून, रविवार
पहिली ओळ झाली. दीड तास. ऋतूबद्दल आहे. जपानी पत्राची पहिली ओळ ऋतूबद्दलच असते, म्हणजे असावी. अक्षर घसरतं आहे. छापील असतं तर प्रश्नच नव्हता.
निर्णय : आधी हस्ताक्षर वाचायला शिकायचं, मग पत्र. पाया पक्का हवा.

२४ जून
हस्ताक्षरावरचं पुस्तक लायब्ररीतून आणलं. ते जपानीत आहे.

१ जुलै
जपानीच्या वर्गातली टॉपर कँटीनमध्ये म्हणाली, आण इकडे, दहा मिनिटांचं काम. दिलं नाही. घरचं खाजगी पत्र आहे. आत्याने सगळ्या नातेवाइकांत सांगून ठेवलंय, आमचा भाचा घडाघडा वाचतो. त्याचा याच्याशी संबंध नाही.
जपानीच्या सरांना विचारता आलं असतं. त्यांच्या तासाला पाच आठवडे गेलेलो नाही. दुपारी कॉरिडॉरमधून येताना दिसले. झेरॉक्स मशीनच्या मागे उभा राहिलो.

९ जुलै
आत्याचा फोन. वाचलंस का? वाचलं म्हणालो. काय लिहिलंय? म्हटलं, तिकडे उकडतंय, बाग बरी आहे. पाच पानं आणि एवढंच? मग म्हटलं, तुझ्या गुडघ्याची चौकशी केलीय.
ती म्हणाली, माझा गुडघा त्यांना काय माहीत? म्हटलं, आतोबांनी लिहिलं असेल. म्हणाली, चाळीस वर्षांत मला एकदा विचारलं नाही, दुखतो का गं म्हणून, आणि तिकडे लिहीत होते होय! रडत होती की हसत होती, फोनवर कळलं नाही.
नंतर पत्र पुन्हा टेबलावर काढलं. उद्यापासून रोज एक पान.

२१ जुलै
रोज एक पान अवास्तव होतं.
खरी अडचण आदरार्थी रूपांची. वयाने मोठ्या माणसाला मृत्यूची बातमी कळवताना क्रियापद चुकलं तर अपमान. टॉपर म्हणाली, अरे, इंग्लिशमध्ये दोन ओळी टाक, कोणीतरी वाचून सांगेल त्यांना. माणूस गेलाय, व्याकरण कसलं बघतोस? तिला संस्कृती कळत नाही. मार्क मिळतात.

४ ऑगस्ट
संदर्भाशिवाय पत्र वाचणं धोक्याचं. युद्धानंतरच्या जहाजबांधणी धोरणावर टिपणं काढायला घेतली. लायब्ररीत गाइडबाई मागे येऊन उभ्या. म्हणाल्या, तुझा विषय कोरियातल्या निवडणुका ना? हो म्हणालो. मग हे काय? पार्श्वभूमी म्हणालो. त्या टिपणांची वही मिटून निघून गेल्या. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

१९ ऑगस्ट
दुसरं पत्र आलं. एकच पान. अक्षर आणखी वाकडं, प्रत्येक ओळ शेवटाकडे कलंडलेली. त्यात प्रश्न आहेत, एवढं ओळखता आलं. तीन आहेत. कशाबद्दल, ते नाही.
आत्याने विचारलं, अजून विचारतात म्हणजे कळवलं नाहीस की काय? म्हटलं, वाटेत चुकामूक झाली असणार, कळवलंय. म्हणजे कळवणारच आहे.

२ सप्टेंबर
मसुदा सुरू. ब्रश पेन घेतलं, कागद घेतला. पहिली ओळ : उन्हाळा सरत आला आहे. बिनचूक.

२० सप्टेंबर
उन्हाळा सरला. ओळ खोडली.

११ ऑक्टोबर
आत्याकडे गेलो होतो. म्हणाली, अजून काही उत्तर नाही? इतक्या वर्षांची मैत्री, आणि सांत्वनाचे दोन शब्द नाहीत. ह्यांना त्या माणसाचं केवढं कौतुक! बरं झालं, हे बघायला नाहीत.
मी म्हटलं, टपालाचा काही घोळ असेल. म्हणाली, तू कशाला सारवासारव करतोस? तू तुझं काम चोख केलंस.
परत येताना बस सोडली. चालत आलो.

१३ ऑक्टोबर, सोमवार
दोन्ही पत्रं घेऊन सरांच्या दारापर्यंत गेलो. आत कोणीतरी होतं. दहा मिनिटं थांबलो. पाच असतील.

२ नोव्हेंबर
या महिन्यात प्रबंधाच्या तिसऱ्या प्रकरणावर लक्ष केंद्रित करायचं. बाकी सगळं नंतर. पत्रं कपाटात, पुस्तकांच्या मागे ठेवली आहेत. तिथे सुरक्षित आहेत.

२८ नोव्हेंबर
सकाळी आत्याचा फोन. धाप लागलेली. उत्तर आलं रे त्यांचं!
गेलो. तिने दारातच कार्ड हातात दिलं. राखाडी काठ, मजकूर छापील. उभ्या उभ्या वाचलं, शब्दकोश न उघडता, अर्ध्या मिनिटात. मुलीने पाठवलंय. वडील सप्टेंबरमध्ये वारले. वय चौऱ्याऐंशी. घरात दुखवटा असल्याने यंदा नववर्षाच्या शुभेच्छा पाठवणार नाही. त्यांच्या हयातीत आपण दाखवलेल्या स्नेहाबद्दल आभार.
चार वर्षांत मी पूर्ण वाचलेला हा पहिला जपानी मजकूर. एकही शब्द अडला नाही.
आत्या चष्मा शोधत होती, जणू चष्मा लावला की तिलाही वाचता येणार होतं. काय म्हणतात रे?
म्हटलं, आभार मानलेत.
ती खुर्चीत बसली. म्हणाली, बघ, आणि मी त्या माणसाला नाही नाही ते बोलले. मग मला समोर बसवलं. म्हणाली, पुन्हा वाच, सावकाश, एकेक शब्द.
पुन्हा वाचलं. आभारच वाचले.