दोर होते तिथेच

११ जानेवारी, रविवार

डेकवर हातोडीच्या दांड्याने ठोकत गेलो. टणटण, टणटण – आणि डोलकाठीच्या बुडाशी भद्द! आतलं लाकूड भिजून लगदा झालंय. वरचं फायबर मात्र चकाचक. यार्डातला क्रेनवाला खालून म्हणाला, रंग मारा साहेब, अजून दोन मोसम सहज काढेल. रंगाखाली रोग झाकणाऱ्यांतला मी नाही. जळालेल्या पंपांच्या मोटारींची तार गुंडाळायचं दुकान, त्यावर पोट भरतो. बोटीचं काम कुणी शिकवलं नाही, पुस्तकं वाचून आणि हात कापून घेऊन शिकलो – पण जे करतो ते मुळापासून करतो.

बोट दादाची. तीन मोसम जमिनीवर उभी आहे. दादा आता चष्मा फ्रिजमध्ये ठेवतो, भाजी आणायला म्हणून जातो आणि कोपऱ्यावर उभा राहतो. पण मला बघितलं की प्रश्न एकच: "बारक्या, बोट पाण्यात कधी?"

१५ जानेवारी

वहिनींबरोबर डॉक्टरांकडे. दादाला बाहेर बसवलं होतं. डॉक्टर म्हणाले, डोक्यातून गेलेलं हातात बराच काळ टिकतं. पण तेही जातं. जे करायचं ते याच मोसमात करा.

वहिनी जिन्यात थांबल्या. पर्स उघडली, बंद केली. म्हणाल्या, "भावजी, त्यांना एकदा बोटीवर न्या. तिथे ते अजून ते असतात."

ठरलं. वारा पडायच्या आत बोट पाण्यात. दादा डोलकाठीपाशी. बाकी काही नको.

२५ जानेवारी

डेक कापला. लगदा खरवडून काढला, दिवे लावून वाळवलं, नवं प्लायवूड बसवलं, वर कापड आणि रेझिन. आज पुन्हा ठोकून बघितलं – टणटण! कुठे कापलं होतं ते कुणाला दाखवता येणार नाही. मलासुद्धा नाही.

क्रेनवाला म्हणे, "साहेब, बोट दुरुस्त करताय की लग्नाला उभी करताय?"

१ फेब्रुवारी

आंघोळ करताना सुचलं! मूर्खासारखा इतके दिवस जुन्याच मांडणीवर काम करत होतो.

शीड चढवायचे दोर डोलकाठीवरून खाली येतात, तिथेच दोन पितळी खुंट्यांना बांधायचे. म्हणजे दर वेळी माणसाने उठून, हलत्या डेकवरून पुढे जायचं. दादा जन्मभर तसाच गेला. पण आता? गुडघा धड नाही, तोल नाही. एक लाट आली की संपलं. म्हणून खाली कप्प्या, म्हणजे दोराची चाकं, बसवून दोर त्यांतून वळवून केबिनच्या छपरावरून थेट मागे, बसायच्या जागेपर्यंत आणायचे. बसल्या बसल्या शीड वर! हल्लीच्या सगळ्या बोटींत असंच असतं. 

खुंट्या काढल्या. डोलकाठीतली भोकं बुजवली, घासली, रंगवली. पितळ हिरवं पडलं होतं. जुन्या साखळीबरोबर भंगारवाल्याला देऊन टाकलं.

८ फेब्रुवारी

कप्प्या बसल्या. कोन असे साधलेत की दोर बोटभरही घासत नाही. एका हाताने ओढून बघितलं – लोण्यातून सुरी!

संध्याकाळी सुकाणूचा दांडा घेतला. लाकूड काळं पडलेलं, एका बाजूला अंगठ्याएवढा खळगा. दादाच्या अंगठ्याचाच. तो घासून घासून सपाट केला, मग वार्निशचे हात. तोंड बघावं त्यात!

ही म्हणाली, घराच्या दाराला यातला एक हात मारला असता तर ते वर्षभर कुरकुरलं नसतं. खरं आहे. पण दार दादाचं नाही.

१५ फेब्रुवारी, रविवार

काय लिहू.

वहिनी दादाला घेऊन आल्या. म्हटलं, पाण्यात सोडण्याआधी एकदा बघू दे. खरं म्हणजे मला दाखवायचं होतं. सकाळी जाऊन डेक पुसून ठेवला होता.

शिडी तो आपला आपण चढला. मी मागे हात धरून, पण लागला नाही. वर पाऊल ठेवताच खांदे सरळ झाले. वहिनींनी माझ्याकडे बघितलं – बघा, म्हटलं होतं ना! दादा केबिनच्या कडेला हात लावत पुढे निघाला. कुठे पाय ठेवायचा ते पायाला माहीत होतं. डोलकाठीपाशी गेला, डावा हात वर टेकवला आणि उजवा हात खाली गेला. न बघता.

तिथे काही नव्हतं.

हात वर गेला, खाली आला. पुन्हा वर. गुळगुळीत रंगावरून तळवा फिरत राहिला, अंधारात दिव्याचं बटण चाचपतात तसा. मी म्हणालो, दादा, दोर मागे आणलेत, आता बसून ओढायचे, ये, दाखवतो. ऐकलंच नाही. मग त्याने दोन्ही हात काढून घेतले आणि अंगाशी धरले.

"ही कुणाची आहे?" म्हणाला. "चला. दुसऱ्याच्या बोटीवर असं चढू नये."

घाबरला होता. माझा दादा, बोटीवर! मी कप्प्या दाखवत होतो, दोर ओढून दाखवत होतो. वहिनी म्हणाल्या, पुरे भावजी. शिडीवरून उतरताना त्याला एकेक पाऊल सांगावं लागलं.

१६ फेब्रुवारी

दुकान उघडलं नाही. मांडणी बरोबरच आहे. कुणालाही विचारा.

१८ फेब्रुवारी

वहिनींचा फोन. मी आधीच बोलायला लागलो – गुडघा, तोल, लाट. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

मग म्हणाल्या, "तुम्ही त्यांच्यासाठीच केलंत, कळतं मला. पण ते हात कुठे ठेवतात ते मला विचारायचं होतंत. तुम्ही बोट बघत होतात. मी मागे बसून त्यांची पाठ बघत आले."

कुठल्याच पुस्तकात सापडलं नसतं ते घरात विचारून मिळालं असतं. पण विचारायची सवय मला नाही. कुणी शिकवलं नाही याचा तोरा मिरवणारा माणूस विचारणार कुणाला?

२१ फेब्रुवारी

कप्प्या काढल्या. दोर पुन्हा डोलकाठीवर. दादाला पट्ट्याने बांधेन, मी शेजारी उभा राहीन, तोल गेला तर माझ्यावर जाईल. हे आधी का सुचलं नाही!

खुंट्यांच्या जुन्या भोकांच्या जागा शोधत बसलो. नखाने, बॅटरी तिरकी धरून. सापडेनात. असं बेमालूम बुजवलंय की माझंच काम मला सापडत नाही. पहिल्यांदा माझ्या हातांचा राग आला.

२२ फेब्रुवारी, रविवार

वहिनी आल्या. दादाजवळ हिला बसवलं. वहिनींनी चपला काढल्या, मागे आपल्या नेहमीच्या जागी जाऊन बसल्या आणि म्हणाल्या, तुम्ही तिथे उभे राहा. नाही, इतके ताठ नाही. ते जरा डाव्या पायावर असायचे. मान खाली नको, वर शिडाकडे. आता हात सोडा.

मी दादासारखा उभा राहिलो. हात सोडला. "अजून खाली. हां. पहिली तिथे. दुसरी वर – कोपर दुमडलं की येते तिथे." खडूने खुणा केल्या. मी टेपपट्टी काढली नाही. काढून काय मोजणार होतो?

खाली उतरण्याआधी त्या सुकाणूच्या दांड्यापाशी थांबल्या. त्यावरून हात फिरवला. खळगा तेव्हा माझ्या लक्षात आला. तो काही परत येणार नाही. खुंटी बसवता येते, घासलेलं लाकूड आणायचं कुठून?

२४ फेब्रुवारी

भंगारवाला. ढिगात पाय घालून शोधलं. एक खुंटी मिळाली. दुसरी भट्टीत गेली. तो म्हणाला, "तुम्हीच म्हणालात, हिरवं झालंय, घेऊन जा म्हणून." म्हणालो होतो.

मिळालेल्या खुंटीवरचा हिरवा थर पुसला नाही.

१ मार्च

दुसरी खुंटी लाकडाची कोरतोय. पितळीला हाताशी ठेवून, डोळे मिटून. आकार डोळ्याला नाही, बोटांना पटला पाहिजे. दोन फुकट घालवल्या. तिसरी जवळ आली.

४ मार्च

दादाने आज बोटीचं विचारलं नाही.

५ मार्च

आजही नाही. मीच काढलं – दादा, बोट पुढच्या आठवड्यात पाण्यात. "बरं," म्हणाला. कुणीतरी हवामान सांगावं आणि आपण बरं म्हणावं, तसं.

१० मार्च

क्रेनवाल्याला म्हटलं, उद्याच सोड. तो म्हणाला, बुडाला रंगाचा दुसरा हात राहिलाय की! मी म्हटलं, राहू दे. बघतच राहिला. म्हणे, साहेब, तब्येत बरी आहे ना?

११ मार्च

पाण्यात. गळती नाही. इंजिन पहिल्या चावीला. आनंद व्हायला हवा होता.

वारा असाच राहिला तर रविवार.

१५ मार्च, रविवार

वारा मंद, पाणी सपाट. धक्क्यावर दादा गोंधळला – एवढ्या बोटी, एवढी माणसं. वहिनींचा पदर धरून ठेवला होता. मला वाटलं, उशीर झाला. रंगाच्या त्या हातांत, वार्निशच्या थरांत मी दादाचे दिवस घालवले.

चढवला. पट्टा बांधला, गाठ दोनदा तपासली. बाहेर पडून इंजिन बंद केलं. एकदम शांत झालं, आणि दादाने मान वर केली.

कुणी काही सांगितलं नाही. मी सांगायला तोंड उघडलं तर वहिनींनी माझ्या बाहीला धरलं. दादा उठला. केबिनच्या कडेने पुढे गेला, मी पट्टा धरून मागे. डावा हात डोलकाठीवर. वजन डाव्या पायावर. मान वर. आणि उजवा हात खाली – खुंटीवर! दोर सुटला, दादाने ओढला, शीड कुरकुरत वर गेलं. वेढा, आठाचा आकडा, पुन्हा आठाचा आकडा, टोक खाली. एकदाही बघितलं नाही.

दुसऱ्या खुंटीवर हात थांबला. लाकडाची. बोटं तिच्यावरून फिरली. मी पट्टा आखडून धरला. मग वेढा घेतला.

शीड भरलं, बोट कलली, आणि दादा हसला. दात दिसेपर्यंत! मागे येऊन सुकाणू धरलं. अंगठा दांड्यावर इकडे तिकडे सरकत होता, जागा शोधत. वहिनींनीही ते बघितलं. पण बोट सरळ चालली, रेघ मारल्यासारखी. दोर ढिला करायला, ताणायला तो हाताने खुणा करत होता आणि मी करत होतो. वहिनी पदराने डोळे पुसत होत्या, पाणी उडालं म्हणाल्या. पाणी कुठलं उडतंय, तळ्यासारखं सपाट होतं.

जमलं. दादा दादा होता. आज एवढंच लिहितो.

१६ मार्च

काल सगळं लिहिलं नाही.

धक्क्यावर उतरल्यावर दादाने माझा हात दोन्ही हातांत घेतला. म्हणाला, "मिस्त्री, काम चोख केलंत हो. आमचा बारक्याही असली कामं करतो. हात चांगला आहे त्याचा, पण कुणाचं ऐकत नाही. तुमच्या हाताखाली घ्याल त्याला?"

घेतो म्हणालो.