अडतिसाव्या मतदारसंघाची बेरीज

हॅनोव्हर,
रविवार, २३ नोव्हेंबर

ती. बाबा,

साष्टांग नमस्कार. टपालाने आलेलं पाकीट बघून आईच्या पोटात गोळा येईल, म्हणून आधी तिला सांगा की इथे सगळे धडधाकट आहोत. मैथिलीचा खोकला गेला. अन्वी दुसरीत रमली आहे. मी मराठीत विचारतो, ती जर्मनमध्ये उत्तर देते, फक्त तुमचा फोटो दाखवला की "आबा" म्हणते. तेवढंच आपलं मराठी. साडेचारलाच अंधार पडायला लागलाय. तुमच्या गुडघ्याचं काय? तेल चोळता, की बाटली नुसतीच उशाशी ठेवता?

फोनवर तुम्ही तीनदा विचारलंत, "दत्ता, तुझ्या त्या निवडणुकीच्या कामाचं काय झालं रे?" तिन्ही वेळा मी फोन अन्वीच्या हातात दिला. तुमच्या लक्षात आलं असणारच. आई स्पीकर लावते आणि शेजारच्या स्नेहलताकाकूसुद्धा कान देऊन बसलेल्या असतात, हे एक कारण. खरं कारण असं की तोंडाने सांगवत नाही.

तर वाचा. त्या देशाचं नाव लिहीत नाही, करारात तसं आहे. तिथे एकाच दिवशी दोन मतदानं होती, राष्ट्राध्यक्षाचं आणि संसदेचं. राष्ट्राध्यक्ष पुन्हा तेच येणार हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. आले, ब्याण्णव टक्क्यांनी. चुरस होती ती संसदेच्या चार-दोन जागांवर. आमच्या कंपनीने फक्त निकाल दाखवायची वेबसाइट बनवली. मोजणी त्यांची, आकडे त्यांचे, आम्ही नुसता फळा पुरवायचा. तरी मी तुम्हाला ऐटीत सांगितलं होतं, "बाबा, मलाही इलेक्शन ड्यूटी लागली!" किती हसला होतात तुम्ही.

मतदानाच्या तीन आठवडे आधी त्यांनी चाचणीसाठी आकड्यांची एक फाइल पाठवली. लुटुपुटुचे आकडे, पानं नीट दिसतात का एवढंच बघायला. तुम्ही नाही का केंद्रावर ड्यूटी असली की मतदान सुरू होण्याआधी एजंटांसमोर मशीनवर चाचणीची मतं टाकायचात आणि मग पुसायचात, तसं. दुसरा कुणी असता तर रंगीत नकाशा बघून सोडून दिलं असतं. पण मी पडलो तुमचा मुलगा. मी बेरजा केल्या. एकशे वीस मतदारसंघांपैकी एकशे एकोणीस जुळले. अडतिसाव्यात मतदार एकवीस हजार सहाशे चाळीस, आणि पडलेली मतं तेवीस हजार नऊशे चार! मी लगेच तक्रार नोंदवली: मतं मतदारांपेक्षा जास्त आहेत, कृपया तपासावं. दोन दिवसांत दुरुस्त फाइल आली, सोबत आभाराची ईमेल. साहेबाने मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर कौतुक केलं. मी घरी येताना केक आणला. मूर्खासारखा.

निकालाच्या दिवशी दुपारी आकडे यायला लागले. अडतिसावा आला तेव्हा माझ्या हातात चहा होता. आकडे दुरुस्त फाइलमधलेच होते, शेवटच्या अंकापर्यंत. मग मी बाकीचे काढून पाहिले. सगळे तेच. बाबा, त्यांनी चाचणीची मतं पुसलीच नव्हती. चाचणी हाच निकाल होता, तीन आठवडे आधी लिहून ठेवलेला. त्यात एकच चूक राहिली होती, ती मी काढून दिली.

त्या मतदारसंघात विरोधी पक्षाकडून एक नर्स उभी होती. हरली. तिने फेरमोजणी मागितली, तर अर्ज फेटाळला. कारण काय, तर बेरजेत कुठेही विसंगती आढळत नाही! तिचा व्हिडिओ मी पाहिला, खाली इंग्रजी अक्षरं होती. दवाखान्याच्या पायरीवर उभी राहून म्हणते, "मला मत दिलेली माणसं मला रोज रस्त्यात भेटतात. त्यांची मतं कुठे गेली?" दहा दिवसांनी तिचं इंटरनेटवरचं पान बंद झालं. ती कुठे आहे, मला माहीत नाही.

मी साहेबाला सांगितलं. त्याने दार लावून सगळं ऐकून घेतलं. वाईट माणूस नाही तो. म्हणाला, "आल्झो," म्हणजे आपलं 'हे बघ', "डेटा ग्राहकाचा. आपण दाखवतो, पडताळत नाही." मी म्हटलं, अरे पण मी पडताळला ना! तो म्हणाला, गुप्ततेच्या करारावर तुझी सही आहे, इथे कायम राहण्याच्या परवान्याचा तुझा अर्ज अजून सरकारी ऑफिसात पडलाय, तुला मुलगी आहे, विचार कर. धमकी नव्हती ती. धमकी असती तर निदान भांडता तरी आलं असतं.

मैथिलीला सांगितलं तेव्हा ती भांडी विसळत होती. "तू म्हणशील तसं," म्हणाली, आणि नळ सुरूच ठेवला.

आता परवाचं. काम संपलं की इथे ग्राहकाचा सगळा डेटा पुसून टाकायचा आणि पुसल्याच्या कागदावर सही करायची, असा नियम आहे. यावेळी कागदावर माझं नाव होतं. दोन्ही फाइली, माझी तक्रार, ती आभाराची ईमेल, सगळं पुसायचं होतं. पेनड्राइव्ह खिशात होता. सकाळी घरून मीच टाकला होता. दहादा हात खिशापर्यंत गेला आणि दहादा परत आला. शेवटी बटण दाबलं, सही केली, तारीख घातली आणि कँटीनमध्ये जाऊन बटाट्याचं सूप घेतलं. प्यायलोसुद्धा.

मी दहावीत असतानाची तुमची ती ड्यूटी आठवते? गडबडीत चाचणीची अठरा मतं पुसायची राहिली. संध्याकाळी रजिस्टरशी आकडा जुळेना, तेव्हा तुम्ही स्वतःहून चूक लिहून दिलीत. नोटीस आली, शाळेत कुजबुज झाली, आणि मी तुमच्यावर ओरडलो होतो, "मशीनवर ढकलता आलं असतं ना! कुणाला कळलं असतं?" तुम्ही म्हणालात, "मला कळलं होतं की." आणि जेवायला बसलात. बाबा, तेव्हा मला तुमची लाज वाटली होती. आज ती माझी मला वाटते आहे. पण तुम्हाला लिहून द्यायला समोर तहसीलदार तरी होता. मी कुणाला लिहून देऊ?

तो पहिला आकडा आता जगात कुठेही नाही. मी सांगितला तरी कुणी विश्वास ठेवणार नाही, आणि का ठेवावा? पण तुम्ही आलेलं प्रत्येक पत्र तारीख बघून फाइलला लावता. हेही लावा. आईला काही सांगू नका. उत्तरात माझी समजूत काढू नका, गुडघ्याचं लिहा.

अडतिसावा मतदारसंघ. मतदार २१,६४०. मतं २३,९०४.

सही केलेला,
तुमचाच
दत्ता